झोपेची गोळी, मूत्रपिंड आणि कुंभाराचं गाढव



शीर्षक वाचून काही मंडळींना वाटलं असेल की आज व्याख्याते बदलले. बदललेले नाहीत. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले, त्यामुळे व्याख्यान संपल्यावर कृपया कुणी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवू नयेत. त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत. आम्हाला आज बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. सारसबागेतल्या बाकांवर, बँकेच्या पेन्शनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: “त्या गोळ्यांनी त्यांची किडनी गेली.”

या वाक्यातला सगळा गोंधळ एका अक्षरात आहे. तृतीयेचा प्रत्यय, ‘ने’, अनेकवचनी ‘नी’. विळीने भाजी चिरली. पावसाने सामना रद्द झाला. कष्टाने घर उभं राहिलं. नवसाने मुलगा झाला. चारही वाक्यांत प्रत्यय तोच आहे, पण विळीचा भाजीशी जो संबंध आहे तो नवसाचा मुलाशी नाही. व्याकरण ते सांगत नाही. ते काम तर्कशास्त्राचं. मग ‘गोळ्यांनी किडनी गेली’ हे विळीसारखं आहे, पावसासारखं आहे की नवसासारखं?

हा शब्दांचा खेळ नव्हे, बरं का. फिट येणाऱ्या रुग्णाला वर्षानुवर्षं गोळी घ्यावी लागते. आपल्याकडे त्यातली एक जुनी आणि अतिशय स्वस्त गोळी म्हणजे फेनोबार्बिटोन. पुष्कळ घरांत ती गार्डेनाल या नावाने ठाऊक आहे. कुणीतरी ‘किडनीला वाईट’ म्हणतं, घरचे घाबरतात आणि गोळी एका दिवसात बंद करतात. हे औषध असं अचानक तोडलं की फिटा उसळून येतात, एकामागून एक येतात, आणि त्यात माणूस दगावू शकतो. चुकीचं कारण मनात धरल्याची ही किंमत. उलट बाजूला, खरं कारण समोर बाटलीत असताना ते न ओळखल्यामुळे मुंबईत जे. जे. रुग्णालयात माणसं गेली. तिथे आपण थोड्या वेळाने जाणारच आहोत.

आधी या औषधांची कुंडली पाहू. १८६४ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनज्ञाने यूरिया आणि मॅलोनिक आम्ल यांच्यापासून एक नवा पदार्थ केला, बार्बिट्युरिक आम्ल. यूरिया हा शब्द तुम्हाला रक्ततपासणीच्या कागदावरून माहीत आहे. मूत्रपिंडं ज्या कचऱ्याची विल्हेवाट लावतात त्यातला हा मुख्य ऐवज. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच लघवीच्या रसायनाशी नातं सांगणारा! मात्र त्या मूळ आम्लाने झोप येत नाही. झोप आणणारा वंशज आला १९०३ मध्ये. एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल पुढे आणलं आणि ते व्हेरोनाल या नावाने विकलं गेलं. १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आलं, व्यापारी नाव ल्युमिनाल. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या फिटा कमी होतात. मूळ उद्देश त्यांना शांत ठेवण्याचा, हाती लागला फिटांवरचा इलाज. पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगभर ‘झोपेची गोळी’ म्हणजे याच घराण्यातली गोळी. आज झोपेसाठी सहसा ही औषधं लिहून देत नाहीत, त्यांची जागा दुसऱ्या वर्गाने घेतली आहे. पण लोकांच्या मनातली झोपेच्या गोळीची भीती या जुन्या औषधांनीच घडवलेली आहे.

आता या औषधांचा आणि मूत्रपिंडांचा संबंध. शरीरात गेलेलं औषध बाहेर पडायला दोन मुख्य वाटा आहेत. एक, यकृत त्याचं रूपांतर करून त्याला निकामी करतं. दुसरी, मूत्रपिंडं त्याला लघवीत टाकतात. या घराण्यात प्रत्येकाची वाट वेगळी. जुनं बार्बिटाल बहुतांशी जसंच्या तसं लघवीतून जायचं. पेंटोबार्बिटालसारखी थोडा वेळ टिकणारी भावंडं जवळजवळ सगळी यकृतात संपतात. फेनोबार्बिटोन मधलं. साधारण पाव हिस्सा लघवीतून, बाकी यकृतातून, आणि तेही सावकाश. प्रौढ माणसाच्या रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तीन ते पाच दिवस लागतात.

इथे एक सुंदर युक्ती आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फेनोबार्बिटोन हे सौम्य आम्ल आहे. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये ते रक्तातून येतं खरं, पण नळीच्या भिंतीतून झिरपून परतही जातं. लघवी अल्कधर्मी केली, म्हणजे शिरेतून सोडा-बायकार्ब दिला, की त्या औषधाच्या कणांवर विद्युतभार येतो आणि भारित कणाला ती भिंत ओलांडता येत नाही. तुळशीबागेच्या बोळात माणूस रिकाम्या हाताने सहज शिरतो, पण दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या आल्या की त्याच फटीतून परत निघता येत नाही, तसं. मग तो कण निमूटपणे लघवीबरोबर बाहेर. विसाव्या शतकाच्या मध्यावर या औषधाची विषबाधा झालेल्या रुग्णांवर हा उपाय खूप वापरला गेला. आम्हाला त्यातलं एकच टिपायचंय: इथे मूत्रपिंड हा बळी नाही, तो सुटकेचा मार्ग आहे.

आणि मार्गच बंद असेल तर? १९५३-५४ च्या सुमारास रिचर्ड्स आणि डंडी या संशोधकांनी हाच प्रश्न घेतला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी थायोपेंटाल हे याच घराण्यातलं झटपट औषध वापरत असत. मूत्रपिंडं काढलेल्या प्राण्यांत, आणि रक्तातला यूरिया वाढलेल्या रुग्णांत त्याचा परिणाम तपासला, तेव्हा दिसलं की अशांना कमी मात्रा पुरते आणि गुंगी लांबते. गंमत अशी की थायोपेंटाल लघवीतून फारसं जातच नाही! मग मूत्रपिंड बिघडल्याचा फरक का पडावा? उत्तर रक्तात आहे. एरवी औषधाचा मोठा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतो आणि चिकटलेलं औषध मेंदूवर काम करत नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की ही चिकटण्याची सोय कमी होते, मोकळं औषध वाढतं, आणि मेंदूत जास्त पोचतं. शिवाय साठलेल्या कचऱ्याने मेंदू आधीच मंदावलेला असतो.

आता बागेतल्या वाक्याकडे परत या. एक आजोबा. मूत्रपिंडं हळूहळू कमजोर होत चालली आहेत, पण कुणाला कल्पना नाही, कारण हा आजार बराच काळ मुकाट असतो. त्यात अंगाला खाज सुटते, रात्री पाय अस्वस्थ होतात, झोप लागत नाही. झोप लागत नाही म्हणून गोळी सुरू होते. कमजोर मूत्रपिंडांमुळे साधी मात्राही जास्त चढते. एके सकाळी आजोबा उठेनात, दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं आणि क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं. घरचे हिशेब मांडतात: गोळी आधी, किडनीचा निकाल नंतर, म्हणून गोळीने किडनी गेली. प्रत्यक्षात काय झालं? किडनी आधी गेली होती. तिच्यामुळे निद्रानाश, त्याच्यामुळे गोळी, आणि गोळीचा अतिरेकी परिणामही तिच्याचमुळे. निकाल कळला तो दिवस नंतरचा, बिघाड आधीचा. पौर्वापर्य हे घटनांचं बघायचं असतं. घटना आपल्याला कळल्याच्या तारखांचं पौर्वापर्य ही वेगळी गोष्ट आहे. आमच्या मते ‘गोळीने किडनी गेली’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा घोटाळा नेमका इथे होतो.

म्हणजे ही औषधं मूत्रपिंडांना कधीच इजा करत नाहीत का? करतात, पण ज्या वाटेने करतात ती ऐकण्यासारखी आहे.

१९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू होता. कोसळलेल्या घरांखालून माणसांना बाहेर काढत. काहींचा हात किंवा पाय तासन्‌तास ढिगाऱ्याखाली चेपलेला असे. बाहेर काढल्यावर माणूस बोलायचा, चहा प्यायचा, सगळ्यांना वाटायचं वाचला. मग लघवी कमी व्हायची, गडद व्हायची, थांबायची, आणि काही दिवसांत तो जायचा. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. चेपलेला स्नायू फुटतो, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य रक्तात येतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्या त्याने निकामी होतात. आता विचार करा. झोपेच्या औषधाची विषबाधा झालेला माणूस बेशुद्ध पडलेला आहे, रात्रभर एकाच कुशीवर, स्वतःच्याच हातावर. निरोगी माणूस झोपेत कूस बदलतो. हा बदलू शकत नाही. त्याच्यावर घर कोसळलेलं नाही, तोच स्वतःवर कोसळलेला आहे. वर श्वास मंद, रक्तदाब उतरलेला, म्हणजे मूत्रपिंडांना रक्ताचा पुरवठा अपुरा. या दोन मार्गांनी अशा रुग्णांत मूत्रपिंडं बंद पडलेली आढळली. औषधाचा रेणू मूत्रपिंडात जाऊन विषासारखा कोरत बसला, असं घडलेलं नसतं.

इथे आम्हाला आमच्या घरच्या शास्त्राकडे वळणं भाग आहे. कारण कशाला म्हणावं यावर नैयायिकांनी जो खल केला आहे त्याचं उदाहरण नेहमीचं, घट म्हणजे मडकं. मडक्याच्या आधी काय काय असतं? माती, कुंभार, चाक, चाक फिरवायचा दांडा. पण दांड्याचा रंगही असतो, कुंभाराचा बापही असतो, आणि ती माती ज्याच्या पाठीवरून आली ते गाढवही असतं. आधी असणं एवढंच कारण होण्यासाठी पुरेसं धरलं, तर गाढवालाही मडक्याचं कारण म्हणावं लागेल. म्हणून नैयायिक म्हणतात, कार्याच्या आधी नियमाने हवं आणि शिवाय ते ‘अन्यथासिद्ध’ नको, म्हणजे त्याच्यावाचूनही ज्याची उपपत्ती लागते असं नको. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात अन्यथासिद्धाचे पाच प्रकार दिले आहेत, त्यात आपलं गाढव शेवटचं. माती गाडीतूनही येऊ शकली असती. आमच्या आजोबांची झोपेची गोळी हे असं गाढव आहे. तिच्याशिवायही किडनीचा निकाल तोच लागला असता.

पण विषबाधेतल्या बेशुद्ध रुग्णाची गोळी? ती गाढव आहे का? कुणी वकिली करील की किडनी बिघडवली मायोग्लोबिनने, गोळीचा काय दोष. हा युक्तिवाद नैयायिकांनी आधीच निकालात काढलेला आहे. दांडा मडक्याला कुठे शिवतो? तो चाक फिरवतो आणि फिरतं चाक मडकं घडवतं. त्या मधल्या फिरण्याला ते ‘व्यापार’ म्हणतात. (लक्ष्मी रोडवरचा नव्हे.) आणि मधे व्यापार आहे म्हणून दांड्याचं कारणपण जात नाही. तसंच इथे. गोळी, बेशुद्धी, चेपलेला स्नायू, नळ्या. गोळी कारणच आहे, पण बेशुद्धी आणि दाबाच्या व्यापाराद्वारे. आणि म्हणूनच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, रुग्ण हिंडता-फिरता असताना तो व्यापार घडतच नाही, तेव्हा ती गोळी किडनीच्या बाबतीत कारण ठरत नाही. एकच वस्तू एका ठिकाणी कारण आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, यात विरोध काहीच नाही.

व्यापार समजला की इलाज बदलतो. पूर्वी या विषबाधेत मेंदूला जागं करणारी उत्तेजक औषधं टोचत. झोप आणणाऱ्याचा शत्रू द्यायचा, असा भाबडा हिशेब. कोपनहेगनमध्ये क्लेमेसेन आणि निल्सन यांनी ते सोडून दिलं. श्वासाची वाट मोकळी ठेवा, रक्तदाब सांभाळा, रुग्णाची कूस बदलत राहा आणि थांबा. औषध आपल्या वेळेने उतरेल. ही ‘स्कँडिनेव्हियन पद्धत’. शंभरातले वीसएक मृत्यू होते ते एक-दोनवर आले. कुठलंही नवं औषध नाही. उलट एक काढून टाकलं.

वेदनाशामकांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे ज्येष्ठ मंडळींनी जरा कान द्यावा. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्प्यूलर आणि झोलिंगर यांनी दाखवलं की डोकेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची मूत्रपिंडं एका ठरावीक तऱ्हेने खराब होतात. त्या गोळ्या मिश्र असत. त्यांत फेनासेटिन, कॅफीन, आणखी एखादं वेदनाशामक, काहींत आपलं बार्बिट्युरेटही. मग दोष कुणाचा? संशयाची सुई फेनासेटिनकडे गेली आणि ते बाजारातून गेलं, आपल्याकडेही. तरी ते एकटं दोषी की सोबत्यांचाही हात, हा वाद पुढे खूप वर्षं चालला. मिश्रणात कारण शोधणं फार कठीण असतं. गुडघ्यांसाठी मनाने रोज घेतल्या जाणाऱ्या आजच्या वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडांना खराखुरा धोका असतो. बागेत चर्चा झोपेच्या गोळीची आणि खिशात गुडघ्याची, असं चित्र आम्ही नेहमी पाहतो.

मिश्रणातला दोषी कसा शोधावा याचा धडा १९३७ मध्ये अमेरिकेत मिळाला होता. सल्फानिलामाइड हे जंतूंवरचं नवं, गुणकारी औषध. ते पातळ स्वरूपात हवं होतं, पण पाण्यात विरघळेना. मॅसेनगिल कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. चवीला गोड, दिसायला ग्लिसरीनसारखं दाट. विषारीपणाची परीक्षा केली नाही, कारण तेव्हाचा कायदा ती मागत नव्हता. शंभरावर माणसं दगावली, त्यात पुष्कळ लहान मुलं, सगळी मूत्रपिंडं बंद पडून. शिकागोत प्राध्यापक गायलिंग यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर परीक्षा झाली: काहींना नुसतं सल्फा, काहींना नुसतं डायएथिलीन ग्लायकॉल, काहींना दोन्ही. सल्फावाले तगले, द्रावकवाले गेले. हाच अन्वय-व्यतिरेक. जिथे ते आहे तिथे कार्य आहे, जिथे ते नाही तिथे कार्य नाही. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा केला की नवं औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवा. गायलिंग यांच्या हाताखाली तेव्हा काम करणारी एक विद्यार्थिनी होती फ्रान्सिस केल्सी. बावीस-तेवीस वर्षांनी ती अमेरिकेच्या औषध प्रशासनात असताना तिच्या टेबलावर एक अर्ज आला. बार्बिट्युरेटपेक्षा निर्धोक अशी जाहिरात झालेली एक नवी झोपेची गोळी, थॅलिडोमाइड. बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली. युरोपात तीच गोळी गरोदरपणात घेतलेल्या मातांची हजारो मुलं अपंग जन्मली.

आता मुंबई. जानेवारी-फेब्रुवारी १९८६. भायखळ्याचं सर जे. जे. रुग्णालय. मेंदूला सूज असेल किंवा डोळ्यातला दाब वाढला असेल तर तोंडाने ग्लिसरॉल देत असत. ते पाणी ओढून घेतं आणि दाब उतरतो. स्वस्त, साधं, जुनं औषध. ते दिलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. डोक्याच्या विकारासाठी आलेला माणूस मूत्रपिंडाने दगावायला लागला. १४ जण गेले. अशा वेळी पहिला विचार काय येतो? आजारच गंभीर होता. मेंदूचा रुग्ण आहे, दगावू शकतो. मृत्यूला आधीच एक कारण तयार असलं की दुसरं शोधायला कुणी जात नाही, आणि ज्या वॉर्डात मृत्यू नवा नसतो तिथे हे फारच सहज घडतं. पण मेंदूच्या विकाराने लघवी का थांबावी, हा प्रश्न विचारला की तयार उत्तर तोकडं पडतं. मग सगळ्यांत समान काय? ग्लिसरॉल. त्यात सापडलं डायएथिलीन ग्लायकॉल, सुमारे साडेअठरा टक्के. एकोणपन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत ज्याने शंभरावर जीव घेतले तेच. शरीरात त्यापासून डायग्लायकॉलिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या पेशी मारतं, हा व्यापार संशोधकांनी नीट उलगडला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.

सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. त्यांचा अहवाल आजही वाचावा असा आहे, डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तोही. लेंटिन बाटलीपाशी थांबले नाहीत. औषधी दर्जाचं नसलेलं ग्लिसरीन रुग्णालयात आलं कसं, खरेदी कुणी केली, तपासणी का झाली नाही, अन्न आणि औषध प्रशासन काय करत होतं, मंत्र्यांच्या दालनातून काय चाललं होतं, इथपर्यंत ते गेले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

आता इथे खरा तात्त्विक प्रश्न आहे. रसायनशास्त्रज्ञ म्हणेल, कारण डायएथिलीन ग्लायकॉल. बाकी सगळे कुंभाराचे बाप. कुंभाराचा बाप नैयायिकांच्या यादीत अन्यथासिद्धच आहे. तो होता म्हणून कुंभार झाला, पण मडक्याशी त्याचा संबंध नाही. तपासणी न करणारा अधिकारी हा असा कुंभाराचा बाप आहे का? त्याने तर काहीच केलं नाही! आणि काहीच न करणं हे कारण कसं होईल?

होतं. नैयायिकांनी ‘प्रतिबंधकाभाव’ कारणांत धरलेला आहे. त्यांचं उदाहरण आगीचं. आग जाळते; पण जवळ विशिष्ट मणी ठेवला तर ती जाळत नाही, अशी त्यांची समजूत. म्हणजे जाळण्यासाठी आग हवी आणि मणी नसायला हवा. मण्याचं नसणं हेही दाहाच्या कारणसामग्रीत मोडतं. मीमांसकांना हे पटलं नाही, त्यांनी आगीत एक ‘शक्ती’ मानली आणि मण्याने ती नाहीशी होते असं म्हटलं. त्या वादात आज शिरत नाही. जे. जे.च्या बाबतीत मणी म्हणजे प्रयोगशाळेतली तपासणी. ग्लिसरीन रुग्णाच्या ओठांपर्यंत जाण्याआधी त्या वाटेवर तपासणी असती, तर साडेअठरा टक्के भेसळ तिच्या नजरेतून सुटण्याची शक्यताच नव्हती. त्या मण्याचा अभाव मृत्यूच्या कारणसामग्रीत आहे. ही सही न करणाऱ्यावर केलेली राजकीय टीका नाही, हा न्यायशास्त्राचा निष्कर्ष आहे. आमच्या वाचनात लेंटिन यांनी नैयायिकांचं नाव न घेता तोच काढला.

आणि हे १९८६ वर संपलं नाही. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं गेली, त्यामागे भारतात बनलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं मूत्रपिंडं बंद पडून नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून अधिक मुलं दगावली. कांचीपुरमला बनलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं ४८.६ टक्के. परवानगी ०.१ टक्क्याची आहे. जवळपास अर्धी बाटली! मधल्या काळात यंत्रं सुधारली, नियम वाढले, डायग्लायकॉलिक आम्लाचं कोडं सुटलं. मणी मात्र पुन्हा जागेवर नव्हता.

एक प्रश्न हमखास येईल म्हणून त्याचं उत्तर देऊन थांबतो. फेनोबार्बिटोन चालू असलेल्यांनी काय करावं? ते मनाने बंद करू नये, हे पहिलं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डॉक्टर मात्रा कमी करतात, कारण ते बाहेर पडायला वेळ घेतं. म्हणून किडनीचा ताजा निकाल त्यांना दाखवावा, आणि गोळी सुरू होण्याआधीचा जुना निकाल घरात असेल तर तोही शोधून न्यावा. आधी काय आणि नंतर काय हे ठरवायला तोच कागद लागतो. आणि घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल तर एक गोष्ट विचारायला विसरू नका: त्या दिवशीची गोळी आधी घ्यायची की नंतर? डायलिसिसचं यंत्र हे औषध रक्तातून ओढून काढतं. सकाळी गोळी घेऊन माणूस यंत्रावर बसला, तर दुपारी ती फिटांना आवरायला रक्तात पुरेशी उरलेली नसते.